भट्टी, खाण आणि कायदा : नशेच्या अभ्यासाचा भिलाईतून आढावा

२०१९च्या फेब्रुवारीत केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एका देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. पाहणी दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या व्यसनोपचार केंद्राने केली होती. १० ते ७५ या वयोगटात दारू पिणाऱ्यांचं देशातलं प्रमाण १४.६ टक्के निघालं. छत्तीसगढात ते ३५.६ टक्के होतं, सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. पंजाब आणि गोवा यांच्या नावाने नेहमी शंख केला जातो. ती दोन्ही राज्यं पहिल्या पाचांत होती, पण छत्तीसगढाच्या मागे. तेव्हापासून इथे दारूवर भाषण व्हायचं असलं की हा आकडा हाताशी असतो.

आकड्यावरून किती लोक पितात ते कळतं. कोण कुठे पितो, पगार झाल्यावर की काम सुटल्यावर, घरात की भट्टीच्या मागे उभ्याउभ्या, कोणाच्या पैशाने आणि त्यातला नफा कोणाच्या खिशात जातो, यातलं काहीच कळत नाही. त्यासाठी एकाच वस्तीत वर्षानुवर्षं जात-येत राहणारा माणूस लागतो. नशेच्या प्रश्नावर अशा अभ्यासकांनी आयुष्यं घातली आहेत, जगात आणि आपल्याकडेही. त्यांना काय सापडलं आणि धोरण ठरवणाऱ्यांनी त्यातलं काय ऐकलं, हे भिलाईत बसून पाहायला एक कारण आहे. इथून शंभर किलोमीटरच्या आत या प्रश्नाची बहुतेक सगळी रूपं सापडतात: सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला पोलाद कारखाना, त्याला लोहखनिज पुरवणाऱ्या खाणीतल्या मजुरांनी स्वतः चालवलेली दारूविरोधी चळवळ, हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरून जाणारा गांजा, औषधांच्या गोळ्यांची नशा, आणि स्वतःच दारू विकणारं राज्य सरकार.

सुरुवात जुन्या कागदांपासून करावी लागते. १८९३ साली ब्रिटिश सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी सात जणांचा आयोग नेमला. सातपैकी तिघे भारतीय होते. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. त्यात आपल्या ओळखीची गावं भेटतात. मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्यात गांजाची शेती होत होती, मध्य प्रांतात खंडव्याकडे. निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्याचं सहसा फार नुकसान होत नाही, अति घेणाऱ्याचं होतं, बंदी घालू नये, कर लावून नियंत्रण ठेवावं. यामागे सरकारला महसुलाची काळजी होती हे उघड आहे. तरीही नंतरच्या कितीतरी सरकारी अहवालांपेक्षा हा अहवाल प्रामाणिक वाटतो, कारण त्यात वैद्य, बैरागी, ठेकेदार, तुरुंगाधिकारी सगळ्यांना एकाच रांगेत बसवून ऐकलं गेलं.

त्यानंतर साठ वर्षांनी मॉरिस कार्स्टेअर्स हा मानसोपचारतज्ज्ञ राजस्थानातल्या एका मोठ्या खेड्यात राहिला. १९५४ साली त्याने लिहिलेला दारू आणि भांग यांच्यावरचा निबंध आजही शिकवला जातो. गावातल्या राजपुतांची दारू आणि ब्राह्मणांची भांग. प्रत्येक गट आपल्या नशेला भूषण मानायचा आणि दुसऱ्याच्या नशेला नाक मुरडायचा. लढणाऱ्याला शोभेल ती एक नशा, ध्यान करणाऱ्याला शोभेल ती दुसरी. कोणी काय घ्यावं हे जातीच्या आदर्शाने ठरत होतं. नशा हा केवळ शरीराचा मामला नाही, असं ठामपणे मांडणाऱ्या भारतातल्या पहिल्या अभ्यासांपैकी तो एक.

इथल्या भूमीत हे काम व्हेरिअर एल्विनने आधीच सुरू केलं होतं. १९४३ सालच्या त्याच्या पुस्तकात बस्तरच्या माडियांमधले १०० खून आणि ५० आत्महत्या तपासल्या आहेत. दारू त्यात आहे, पण ती इतर कारणांच्या रांगेत उभी आहे: जमीन, संशय, जादूटोणा, घरातली भांडणं. ‘आदिवासी पितो म्हणून मारतो’ एवढ्या एका वाक्यात जे निकालात निघतं, त्याला एल्विनने शंभर वेगवेगळ्या गोष्टी करून दाखवलं.

छत्तीसगढात आज लागू असलेला आबकारी कायदा १९१५चा आहे. तो मध्य प्रांताचा कायदा. राजधानी नागपूर होती आणि दुर्ग त्याच प्रांतातला जिल्हा. आधी भोसल्यांचा अंमल, मग नागपूरहून चालणारा इंग्रजी कारभार, मग मध्य प्रदेश, मग २०००पासून स्वतंत्र राज्य. सरकारं बदलली, कायद्याचं नाव बदललं, पाया तोच राहिला: दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारचा, आणि सरकार तो पैसे घेऊन देणार. आदिवासींना घरच्यापुरती मोहाची दारू गाळायची सवलत मिळाली, पण विकायची म्हटली की गुन्हा. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७च्या पुस्तकात याच व्यवस्थेची दुसरी बाजू दाखवली. १९२२च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावर उठलेली देवीची चळवळ ठाणे-नाशिकच्या डोंगरांतून दक्षिण गुजरातेत पसरली. देवी अंगात आली की म्हणायची, दारू सोडा. हजारो आदिवासींनी सोडली. हार्डिमन यांच्या मते या त्यागाचा रोख दारूच्या ठेकेदारावर होता. प्यायची थांबली की उधारी थांबते आणि ठेकेदाराची पकड सुटते. दारूबंदी म्हणजे वरून आलेला उपदेश, असं धरून चालणाऱ्यांनी हे पुस्तक वाचायला हवं.

आता भिलाई. कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५चा. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पेटली. देशभरातून माणसं आली, त्यात विदर्भातलीही पुष्कळ. सेक्टरांतली आखीव घरं, शाळा, सेक्टर ९चं रुग्णालय, आणि बाहेर खुर्सीपार, सुपेला, कॅम्प, जामुलच्या वस्त्या. या शहराचा सर्वांत दीर्घ अभ्यास केला तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने. १९९३ साली तो इथे आला आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ येत राहिला. भिलाईचेच अजय टी. जी. यांच्या साथीने लिहिलेलं त्याचं मोठं पुस्तक २०२० साली निघालं. पुस्तकाचा गाभा असा की इथल्या श्रमिकांत दोन वर्ग झाले. एकीकडे कारखान्यातली पक्की नोकरी असलेले, दुसरीकडे ठेक्यावरचे आणि रोजंदारीवरचे. दोघांची घरं शेजारी असली तरी त्यांची लग्नं, मुलांच्या शाळा आणि भविष्याची स्वप्नं वेगळी झाली.

नशेचा विचार करताना पॅरीचा २०१२चा एक निबंध मला या पुस्तकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो इथल्या आत्महत्यांवर आहे. गरिबी, दारू, आत्महत्या अशी साखळी आपण डोळे मिटून जोडतो. त्याला दिसलं वेगळंच: आत्महत्या ठेक्याच्या मजुरांपेक्षा सुरक्षित नोकरीवाल्यांच्या घरांत जास्त एकवटलेल्या. ज्यांच्याकडे घसरण्यासारखं काही आहे, मुलांकडून मोठ्या अपेक्षा आहेत, कर्ज मिळण्याची पत आहे, ती घरं. या चित्रात दारू आहे, पण कर्ज, मुलाची हुकलेली नोकरी आणि बापलेकांचा अबोला यांच्या सोबतीने. व्यसनाला एकमेव खलनायक ठरवणारं धोरण अशा घरात शिरून काय करणार, हे मला समजलेलं नाही.

भिलाईपासून दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर दल्ली-राजहरा आहे. कारखान्याचं लोहखनिज तिथून येतं. आज तो भाग बालोद जिल्ह्यात आहे. २०१२च्या आधी दुर्गमध्येच होता. आणीबाणी उठल्यावर १९७७ साली तिथल्या ठेक्याच्या खाणमजुरांनी प्रस्थापित युनियनी सोडल्या, शंकर गुहा नियोगी यांना नेतृत्व दिलं आणि छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. जूनमध्ये गोळीबार झाला, ११ जण मारले गेले. संघटना मोडली नाही, आणि काही वर्षांत मजुरी कित्येक पटींनी वाढली.

मग एक नवीनच प्रश्न आला. वाढलेला पैसा घरी पोचत नव्हता. मजुरी वाढवून घ्यायची लढाई युनियनने जिंकली आणि जिंकलेला पैसा दारूच्या ठेकेदाराकडे जमा होऊ लागला. नियोगींनी यावर घेतलेली भूमिका माझ्या मते या देशातल्या नशाधोरणाच्या इतिहासातली सर्वांत मूळगामी आहे. त्यांनी दारूला पाप म्हटलं नाही. मजुरीचा प्रश्न आणि दारूचा प्रश्न एकच आहे, असं त्यांचं म्हणणं: एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घ्यायची ती सोय. म्हणून दारूविरोध हे युनियनचंच काम झालं. आरोग्य, शिक्षण, खेळ यांच्यासारखा त्याचाही वेगळा विभाग होता. बायका पुढे होत्या, कारण खाणीत त्याही घमेलं-कुदळ घेऊन राबत होत्या आणि पगाराच्या दिवशी नवऱ्याचा हिशेब त्यांना तोंडपाठ असायचा. ठेकेदारांचा धंदा बसला. १९८१ साली नियोगींना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली अटक झाली.

एक गोष्ट मात्र विसरली जाते. दिवसभर हाताने दगड फोडणारा मजूर म्हणायचा, अंग दुखतं, झोप येत नाही, प्यायली नाही तर उद्या कामावर कसा जाऊ? या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. युनियनच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचाराअभावी गेल्या, त्या धक्क्याने मजुरांनी स्वतःचं रुग्णालय उभारायचं ठरवलं. बिनायक सेन, आशीष कुंडू, शैबाल जाना असे डॉक्टर आले. ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, शहीद रुग्णालय सुरू झालं. खाणमजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून ते बांधलं गेलं. दारू सोडायला सांगणाऱ्यांनीच दुखणाऱ्या पाठीची सोय केली, हे या चळवळीचं वेगळेपण आहे. नंतरच्या नशाबंदी मोहिमांत पाठ राहून गेली, घोषणा उरल्या.

या सगळ्याचा आतून अभ्यास करणारी व्यक्ती म्हणजे इलिना सेन. जेएनयूत लोकसंख्याशास्त्रावर संशोधन करून त्या दल्ली-राजहऱ्याला आल्या, महिला मुक्ती मोर्चात काम केलं, आणि १९९० साली लोकचळवळींतल्या स्त्रियांवरचं पुस्तक संपादित केलं. छत्तीसगढवरची त्यांची राजकीय आठवणवही २०१४ची. चळवळीवर प्रेम असूनही त्या तिच्याकडे टीकेच्या नजरेने पाहू शकत होत्या. दारूच्या लढाईत बायका आघाडीवर, पण यांत्रिकीकरण आलं तेव्हा कामावरून सर्वांत आधी गेल्या त्याही बायकाच, ही विसंगती त्यांनी टिपली. पुढे त्या वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात स्त्री-अभ्यास शिकवायला गेल्या, म्हणजे दशकानुदशकं दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात. २०२० साली त्या गेल्या. राजहऱ्याची मजुरांनी घडवलेली बंदी आणि वर्ध्याची सरकारी बंदी या दोन्ही जवळून पाहिलेल्या अभ्यासक आपल्याकडे किती होत्या?

राजहऱ्याच्या चळवळीची उणीवही सांगितली पाहिजे. हजारो लोकांनी दारू सोडल्याचं संघटना सांगत होती. ते खोटं मानायचं कारण नाही, पण किती जणांनी किती वर्षं सोडली, खाणीत यंत्रं आल्यावर काय झालं, पुढच्या पिढीने काय केलं, याचा स्वतंत्र पाठपुरावा कोणी केला नाही. संघटनेला तेवढी उसंतही मिळाली नाही. १९९०पासून नियोगी भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या ठेका मजुरांना संघटित करत होते. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतल्या घरात झोपेत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस रेल्वे स्थानकावर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. १६ कामगार ठार झाले. त्यानंतर लढाई टिकून राहण्याची होती.

राजनांदगावहून मानपूरकडे गेलं की पलीकडे गडचिरोली. तिथे अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८०च्या दशकाच्या शेवटी पाहणी केली, तर जिल्ह्यातल्या लोकांचा दारूवरचा खर्च सरकारच्या वार्षिक विकास खर्चाहून जास्त निघाला. त्या एका तुलनेने चळवळीला तोंड फुटलं आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आली. शेजारच्या चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ला लागू झाली आणि २०२१ साली उठवली गेली. तोच कायदा, तेच जंगल, निकाल वेगळे. गडचिरोलीत कायद्याच्या मागे गावोगावच्या बायकांचं संघटन आणि २०१६पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनविरोधी उपक्रमाचं काम होतं. चंद्रपुरात बंदीच्या अंमलबजावणीचं ओझं मुख्यतः पोलिसांवर पडलं. आणि गडचिरोलीच्या सीमेलगत छत्तीसगढची सरकारी दुकानं आहेत, तेव्हा बंदीचा जिल्हा म्हणजे शेजाऱ्याची गिऱ्हाइकी, हेही मान्य करायला हवं. तरीसुद्धा ‘बंदी कुठेच टिकत नाही’ हे ठोकळेबाज वाक्य या दोन जिल्ह्यांकडे पाहून म्हणता येत नाही.

दारूचा प्रश्न सोडून अमली पदार्थांकडे वळलं की अभ्यासाची भाषा बदलते, कारण तिथे पोलीस मध्ये येतात. अमेरिकेत अल्फ्रेड लिंडस्मिथ या समाजशास्त्रज्ञाने १९४७ साली अफूच्या व्यसनावर पुस्तक लिहिलं आणि व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानावं, असं आयुष्यभर मांडलं. तिथलं अमली पदार्थ खातं त्याच्या मागे लागलं. हॉवर्ड बेकरने १९५३च्या निबंधात पन्नास गांजा ओढणाऱ्यांच्या मुलाखतींवरून दाखवलं की गांजाची मजाही शिकावी लागते: ओढायचं कसं, परिणाम ओळखायचा कसा, आणि तो सुखद मानायचा कसा, हे सोबतचे शिकवतात. ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंचं काम तर अनेकांना पचलंच नाही. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले सैनिक मायदेशी परतल्यावर त्यांनी त्यांचा माग ठेवला. पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले सुमारे ५ टक्के. माणूस, परिसर आणि संगत बदलली की हेरॉइनची पकडही सैल होऊ शकते, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे मुंबईत १९८०च्या दशकात ब्राउन शुगर आली. लोक तिला गर्द म्हणू लागले. अनिल अवचटांच्या लेखांनी मराठी घरांना पहिल्यांदा तिची ओळख करून दिली. त्यातूनच पुढे, पु. ल. देशपांडे यांनी दिलेल्या मदतीच्या बळावर, डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अभ्यासाच्या अंगाने मात्र मोली चार्ल्स, के. एस. नायर, गॅब्रिएल ब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर बसून केलेलं काम मराठी वाचकाला फारसं माहीत नाही. मुंबईतल्या हेरॉइनच्या जगावरचं त्यांचं पुस्तक १९९९ साली आलं. गर्दुल्ले, विक्रेते, फलाट, उड्डाणपुलाखालची जागा, पोलिसांचा हप्ता या सगळ्याची जिवंत नोंद त्यात आहे. चार्ल्स यांनी पुढे हिमाचलातल्या चरसच्या व्यापारावरही लिहिलं. अफू-गांजाच्या जुन्या, सौम्य आणि सामाजिक बंधनातल्या वापरावर कायद्याने घाव घातला आणि मोकळी झालेली जागा हेरॉइनने घेतली, हा या परंपरेतला वारंवार येणारा युक्तिवाद आहे. मला तो पुरता पटत नाही. हेरॉइन येण्यामागे अफगाणिस्तान-पाकिस्तानातलं युद्ध आणि तस्करीही होती. पण त्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.

तो कायदा म्हणजे १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा, एनडीपीएस. १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाचा पारंपरिक वापर पंचवीस वर्षांत बंद करायची मुदत दिली होती, त्याच दबावात तो घाईने आला. पानांना व्याख्येतून वगळल्यामुळे भांग सुटली, फुलोरा मात्र सापडला. आज एक किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण, वीस किलोंच्या वर व्यापारी प्रमाण आणि किमान दहा वर्षांची कैद. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्यातली सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारं ६४-अ हे कलम आहे, पण ते बहुतेक कागदावरच राहिलं. ‘विधी’ या संस्थेने मुंबईतल्या २०१७-१८ च्या निकालांचा अभ्यास केला, तेव्हा जवळजवळ सगळे खटले फक्त सेवनाचे आणि त्यातले बहुतांश गांजाचे निघाले. बडे मासे पकडायला केलेल्या कायद्याच्या जाळ्यात फूटपाथवरची माणसं अडकली होती. पोर्तुगालने २००१पासून स्वतःपुरता साठा बाळगणं हा फौजदारी गुन्हाच ठेवला नाही; त्या व्यक्तीला न्यायाधीशाऐवजी समितीपुढे उभं केलं जातं.

भिलाई-दुर्गात रेल्वे पोलीस गाडीच्या डब्यात बेवारस बॅग पकडतात, ओडिशाहून आलेला गांजा सापडतो, बातमी येते, फोटो छापला जातो. वस्तीत मात्र गोष्ट वेगळी चालते. पोरांच्या हातात पंक्चर काढायचं सोल्यूशन असतं, खिशात झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळ्यांची पट्टी. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन असलेल्या कॅप्सूलवर २०१३ साली बंदी आली. त्याच प्रकारच्या कॅप्सूल ट्रामाडॉल घालून बाजारात आल्या. २०१८ साली ट्रामाडॉल एनडीपीएसखाली आणलं गेलं. प्रत्येक वेळी एक दार बंद झालं आणि गिऱ्हाईक शेजारच्या दाराने आत गेलं. एम्सच्या त्या पाहणीनुसार देशात सुमारे ४.६ लाख मुलांना हुंगायच्या नशेसाठी मदतीची गरज आहे, आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. ३५.६ टक्क्यांवर भाषणं होतात, या अडतिसातल्या एकाबद्दल कोणी बोलत नाही.

आता भट्टी. इथे दारूच्या दुकानाला आजही भट्टीच म्हणतात. औद्योगिक पट्ट्यातल्या कुठल्याही सरकारी दुकानावर संध्याकाळी जा: जाळी लावलेली खिडकी, पाळी सुटल्यावर लागलेली रांग, देशीत ‘प्लेन’ आणि ‘मसाला’ असे दोन प्रकार, बाहेर चखण्याचे ठेले, उकडलेले चणे, प्लास्टिकचे पेले आणि पाण्याचे पाउच. रांगेतला एखादा जण पिणारा नसतो. तो कोचिया असतो. दिवसा सरकारी भावाने घ्यायची आणि रात्री गावात चढ्या भावाने विकायची, हा त्याचा धंदा. २०१७ साली राज्याने ठेकेदार बाजूला करून किरकोळ विक्री स्वतःच्या महामंडळाकडे घेतली. ठेकेदार गेल्याने काळा धंदा थांबेल, असं सांगितलं गेलं. २०१८ला संपूर्ण दारूबंदीचं आश्वासन देऊन सरकार आलं. बंदी झाली नाही. २०१९ ते २०२२ या काळात याच विक्रीव्यवस्थेत दोन हजार कोटींहून मोठा घोटाळा झाल्याचा आरोप सक्तवसुली संचालनालयाने केला आहे. प्रकरण न्यायालयात आहे. दरम्यान २०२१च्या टाळेबंदीत दुकानं बंद होती, तेव्हा बिलासपूर जिल्ह्यात मद्यार्क असलेलं होमिओपॅथीचं औषध पिऊन माणसं दगावली.

नियोगींच्या काळात शत्रू ओळखता यायचा, ठेकेदार. आता विक्रेता सरकारच आहे, कायदा करणारंही तेच आणि व्यसनमुक्तीची मोहीम काढणारंही तेच. बालोद जिल्ह्यात गुंडरदेहीच्या शमशाद बेगम यांच्या ‘महिला कमांडो’ रात्री काठी आणि शिटी घेऊन गावात फिरतात. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. पण त्या कोचियाला पकडू शकतात, महामंडळाला नाही. महाराष्ट्रात निदान मतदानाने बाटली आडवी करायची तरतूद तरी आहे.

या सगळ्या अभ्यासांतून मला एकच धागा दिसतो. पिणाऱ्याच्या मागे लागणारं धोरण थकतं. विक्री, मजुरी, दुखणारं शरीर आणि घरातली बाई या चौघांना एकत्र धरणारं धोरण काही काळ तरी चालतं, आणि ते चाललं ते इथेच, राजहऱ्यात. त्याचं मोजमाप झालं नाही ही आपली चूक, आणि ती आजही दुरुस्त होऊ शकते. विक्री सरकारी असल्यामुळे प्रत्येक दुकानाचा रोजचा खप महामंडळाकडे नोंदलेला असतो. भारतात इतकी बारीक माहिती फार थोड्या ठिकाणी एका जागी असेल. ती दुकानवार, महिनावार, रायपूरच्या रविशंकर विश्वविद्यालयाच्या आणि दुर्गच्या हेमचंद यादव विश्वविद्यालयाच्या अभ्यासकांना खुली करावी. एखादं दुकान बंद करायचं किंवा हलवायचं ठरलं, तर आधी वर्षभर आणि नंतर तीन वर्षं त्या वस्तीत पाहणी व्हावी. आणि आबकारीच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा महामंडळाच्या आणि पोलिसांच्या ताब्यात नसलेल्या उपचार केंद्रांकडे जावा. राज्य सरकारला हे करायला नवीन कायदा लागत नाही. एक आदेश पुरतो.